तीन घरचे तीन प्लग

मैत्रिणींनो, या पानावर आपण लोणच्याच्या मसाल्यापासून मुलांच्या दहावीपर्यंत सगळं बोलतो. आज मला बोलायचंय गाडीच्या स्पार्क प्लगबद्दल. हसू नका! मी काही इंजिनिअर नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली, घर सांभाळून थोडंफार सामाजिक काम करणारी बाई आहे. गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेही मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. पण गेल्या श्रावणात जे घडलं, त्यानंतर हा विषय डोक्यातून जायलाच तयार नाही.

आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही वाईच्या आसपासच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या बायकांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला साताऱ्याला नेतो-आणतो. एस.टी. आहे, नाही असं नाही. पण ऑपरेशन झालेला डोळा घेऊन एस.टी.च्या गर्दीत चढायचं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना सांगायला नको. त्यामुळे आमची छोटी पेट्रोल गाडी, वय वर्षं बारा, हीच आमची अँब्युलन्स. आमच्या ह्यांना बँकेत जायला मोटारसायकल पुरते, त्यामुळे गेली सहा वर्षं गाडी मीच चालवते.

त्या दिवशी दोन आजींना घेऊन आम्ही साताऱ्याहून परतत होतो. दोघींच्या डोळ्यांवर काळे चष्मे, एकीची सून सोबतीला. त्यांचं गाव घाटाच्या वरच्या अंगाला. वाईत चहा घेतला आणि पसरणीचा घाट चढायला लागलो. वर पाऊस, समोर धुकं. दोन-तीन वळणं झाली असतील, गाडीनं झटके द्यायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दाबावा तर पुढे जायच्याऐवजी उचकी लागल्यासारखं करायची. समोर एक पिवळं चित्र लुकलुकायला लागलं. चावी फिरवली की रोज क्षणभर दिसणारं ते चित्र इंजिनाचं आहे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला ती पाण्याची टाकी वाटायची! दुसरा गिअर झाला, पहिला झाला. शेवटी वळणाच्या अलीकडे जरा रुंद जागा बघून गाडी उभी केली. मागून ट्रकचा हॉर्न. आणि मागच्या सीटवरून एक आजी म्हणाल्या, "बाई, म्या उतरू का? वजन व्हतंय का गाडीला?"

ते ऐकून मला रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

एका वडापवाल्या पोरानं देवासारखी जीप थांबवली. आधीच भरलेल्या जीपमध्ये दोन माणसं मागं दाटीवाटीनं सरकली आणि आजींना पुढं जागा झाली. मी एकटी गाडीत. ह्यांना फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "काय केलंस?" काय झालं, नाही हं. काय केलंस!

गाडी उतारावरून कशीबशी खाली आणली. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गॅरेजवाल्यानं माझ्यासमोर, पण माझ्याकडे न बघता, ह्यांना सांगितलं, "साहेब, वहिनी हाफ क्लचवर चालवत असतील. घाटात बायकांचं होतं असं." त्या माणसानं बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. मी गाडी तिथून काढली आणि बसस्थानकाच्या मागे एक वयस्कर मिस्त्री बसतात, त्यांच्याकडे नेली. ते म्हणाले, "ताई, गाडी मिसिंग करतीय. इंजिन गार होऊ द्या, मग बघू." तासाभरानं त्यांनी प्लग पान्यानं तिन्ही प्लग काढले (माझ्या गाडीच्या इंजिनाला तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग) आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले.

तिघं तीन घरचे! दोन एका कंपनीचे, पण त्यांचे नंबर वेगळे. तिसरा भलत्याच कंपनीचा. एकावर काळी कोरडी काजळी, चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी. एक त्यातल्या त्यात बरा, फिकट तपकिरी. आणि एकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर. मिस्त्री म्हणाले, "हा कधीतरी हातातून पडलेला असणार, नाहीतर पाना तिरका लागला असणार. ह्या चिरेतनं करंट पळतोय. ठिणगी पडायची तिथं पडंना, मग सिलिंडर काम कसं करणार?"

घरी येऊन मी चार वर्षांची बिलं काढली. आम्हा बायकांना बिलं जपून ठेवायची सवय असते, ती अशी कामाला येते. तीन वेळा तीन ठिकाणी 'प्लग – १ नग' असं लिहिलेलं. नंबर नाही, कंपनी नाही. दर वेळी कोणीतरी ड्रॉवरमध्ये हाताला आला तो प्लग बसवला होता आणि दर वेळी मी पैसे दिले होते. म्हणजे चूक गॅरेजवाल्यांची, हे खरंच. पण माझ्या गाडीला कोणता प्लग लागतो हे मी एकदाही विचारलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता गंमत बघा. कुकरची रिंग आणायला आपण दुकानात जातो तेव्हा काय करतो? कुकर तीन लिटरचा की पाचचा, झाकण आतलं की बाहेरचं, कंपनी कुठली, सगळं सांगतो. खात्री नसेल तर झाकणच पिशवीत घालून नेतो. शिलाई मशीनची सुई आणताना कापड बघून नंबर सांगतो. वॉइलला जाड सुई लावली तर भोकं पडतात आणि जीनला बारीक लावली तर सुई मोडते, हे आपल्याला कोणी कॉलेजात शिकवलेलं नाही. मग चार चाकांच्या गाडीत माणसं बसवून घाट चढायचा असतो, तेव्हा "काय तो प्लग घाला" असं आपण कसं म्हणतो?

मिस्त्रींनी मला विचारलं, "गाडीचं पुस्तक आहे का?" होतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. त्यावर टोलच्या पावत्या, सुपारीची डबी आणि देवळातला अंगारा. बारा वर्षांत ते उघडलंच नव्हतं. शेवटच्या पानांत एक तक्ता होता आणि त्यात प्लगचा नंबर छापलेला होता. दोन कंपन्यांचे दोन नंबर, फट किती ठेवायची ते, आणि किती किलोमीटरला बदलायचे तेही. माझ्या गाडीला चाळीस हजार. सगळ्या गाड्यांना हा आकडा सारखा नसतो, म्हणून माझा आकडा तुमच्या गाडीला लावू नका. आपापलं पुस्तक उघडा.

प्लग करतो तरी काय? पेट्रोल किंवा सीएनजी गाडीच्या इंजिनात हवा आणि इंधन एकत्र दाबलं जातं आणि नेमक्या क्षणी त्यात ठिणगी पाडावी लागते. ती पाडणारा हा बोटाएवढा तुकडा. बॅटरी असते बारा व्होल्टची. कॉइल तिचे हजारो व्होल्ट करून प्लगला देते. प्लगच्या टोकाशी असलेली बारीक फट ओलांडताना त्या विजेची ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एकेक प्लग मिनिटाला पंधराशे ठिणग्या टाकतो. साताऱ्यापर्यंतच्या पाऊण तासात साठ हजारांच्या वर! प्रत्येक ठिणगीबरोबर टोकाचा धातू अगदी कणभर झिजतो. फट रुंदावत जाते आणि ती ओलांडायला जास्त जोर लागतो. त्यात घाटावर पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला आणखी जोर हवा असतो आणि नेमकी तिथेच ती कमी पडते. म्हणून सपाटीवर साताऱ्याहून वाईपर्यंत गाडी बरी आली आणि पसरणीत रुसली. माझ्या हाफ क्लचचा संबंधच नव्हता! (हे वाक्य मी घरात दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं आहे.)

डिझेल गाडीला मात्र स्पार्क प्लग नसतो. तिथे हवाच इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनं डिझेल पेटतं. थंडीत सुरू व्हायला मदत करणारे ग्लो प्लग असतात, ते वेगळे. आणि विजेवर चालणाऱ्या गाडीला यातलं काहीच लागत नाही.

पुस्तक घेऊन मी स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. बरोबर मुलगा होता, अकरावीतला. दुकानदारानं मुलालाच विचारलं, "बोला, काय देऊ?" मुलगा म्हणाला, "मला नाही माहीत, आईला विचारा." बरं वाटलं!

काउंटरवर तीन प्रकार आले. एक खोक्याशिवायचा सुटा, साठ रुपयांना. दुसरा कंपनीच्या खोक्यातला साधा, दीडशेच्या आसपास. तिसरा साडेसातशेचा इरिडियम. "ताई, हा घाला. गाडी विमानासारखी पळेल, ॲव्हरेज पण वाढेल." माझ्यासारख्या बाईला इथे दोन मोह असतात. साठ रुपयांवाला घेतला की काटकसर केल्यासारखं वाटतं. साडेसातशेवाला घेतला की गाडीचे लाड केल्यासारखे वाटतात, शिवाय दुकानदारासमोर आपण काही कमी नाही हेही दिसतं. साडीच्या दुकानात हे दोन्ही मोह आपण चांगले ओळखून असतो.

सुटा प्लग घेऊच नये, या मताची मी आता ठाम झाले आहे. नकली प्लग बाजारात मिळतात. वरून तसेच दिसतात, आतलं काय दिसतं? खोकं नाही, छपाई पुसट, बिल द्यायला टाळाटाळ, असं असेल तर दुकानाची पायरी उतरावी.

इरिडियमचं जरा समजून घेण्यासारखं आहे. साध्या प्लगचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. इरिडियम हा फार कठीण आणि उशिरा वितळणारा धातू. निकेल साधारण साडेचौदाशे अंश सेल्सिअसला वितळतं, तर इरिडियम चोवीसशेच्याही पुढे. म्हणून त्याचं टोक अगदी बारीक, सुईच्या दांडीसारखं करता येतं आणि तरी ते सावकाश झिजतं. असे प्लग लाखभर किलोमीटर चालू शकतात. प्लॅटिनमचे या दोघांच्या मधले. म्हणजे दुकानदार सगळंच खोटं बोलत नव्हता. ज्या गाडीच्या पुस्तकात इरिडियमच लिहिलंय, तिला तोच घालायचा. तिथे साधा घालून सहाशे रुपये वाचवायला जाऊ नये. काही इंजिनांत प्लगपर्यंत पोचायलाच वरचे बरेच भाग उतरवावे लागतात, तिथेही जास्त टिकणाराच बरा.

पण माझ्या गाडीला पुस्तकात साधा सांगितलाय. माझं फिरणं वर्षाला नऊ-दहा हजार किलोमीटर. म्हणजे साडेचारशे रुपयांत चार वर्षांची निश्चिंती. साडेबाविसशे घालून दहा वर्षांचे प्लग घेतले, तर गाडीपेक्षा प्लगच जास्त जगायचे! आणि ॲव्हरेजचं म्हणाल, तर झिजलेले प्लग काढून नवे योग्य प्लग घातले की गेलेलं ॲव्हरेज परत येतं. ते साध्या प्लगनंही येतं. महाग धातूनं पेट्रोलला काही जादू होत नाही.

मी साधा मागितला, तर आमच्या नंबरचा संपलेला. "ह्याच कंपनीचा ह्याच्या पुढचा नंबर देतो, एकाच आकड्याचा तर फरक आहे." हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, म्हणून इथे जरा थांबते.

प्लगवरचा तो आकडा म्हणजे चपलेचा नंबर नव्हे. प्लगचं टोक इंजिनात सतत तापतं. ते साधारण पाचशे ते साडेआठशे अंशांच्या दरम्यान राहायला हवं. त्याच्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, साठत जाते. फार वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच तापलेल्या टोकानं इंधन पेटतं आणि इंजिनाचं नुकसान होतं. आपली उष्णता जो प्लग इंजिनाच्या डोक्याकडे पटकन सोडून देतो तो 'कोल्ड', जो सावकाश सोडतो तो 'हॉट'. हे नुसतं नाव आहे, हाताला गार-गरम लागण्याशी त्याचा संबंध नाही. आणि खरी मेख पुढेच आहे. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग कोल्ड. बॉश आणि चॅम्पियनच्या प्लगवर नेमकं उलटं, आकडा मोठा तर प्लग हॉट. म्हणजे एका कंपनीचा सहा दुसऱ्या कंपनीत सहाच शोधायला गेलात तर फसलात. एका कंपनीच्या नंबराला दुसरीचा कोणता नंबर चालतो, त्याचा कंपन्यांचा तक्ता असतो. दुकानदाराला तो दाखवायला सांगायचा. मी सांगितलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण दाखवला. माझ्या वर्तमानपत्रावरचा काजळीवाला प्लग त्या तक्त्यात पाहिला, तर तो माझ्या गाडीला हव्या असलेल्या प्लगपेक्षा जास्त कोल्ड निघाला. काजळीला दुसरीही कारणं असतात, एअर फिल्टर तुंबलेला असला तरी येते. पण माझा फिल्टर दोनच महिन्यांपूर्वी बदललेला होता.

नंबरातल्या बाकीच्या अक्षरांनाही अर्थ असतो. आट्यांची जाडी आणि लांबी त्यात येते. लांबी चुकून जास्त झाली तर प्लगचं टोक आत पिस्टनवर आपटू शकतं. कमी झाली तर इंजिनाचे खालचे आटे उघडे राहतात आणि त्यात कार्बन धरतो. एनजीकेच्या नंबरात शेवटी '-११' असेल तर फट १.१ मिलिमीटरची. मध्ये 'आर' असेल तर आत रेझिस्टर आहे. तो नसला तर गाडीच्या रेडिओत खरखर येते आणि आताच्या गाड्यांमधल्या कॉम्प्युटरच्या कामातही अडथळा येऊ शकतो. ही अक्षरं पाठ करायची काही गरज नाही, मलाही नाहीत पाठ. पुस्तकातला नंबर आणि खोक्यावरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळतो का, एवढं बघायचं. मुलांच्या औषधाच्या बाटलीवरचं नाव आपण चिठ्ठीशी ताडून बघतो, तसं.

दोन दिवस थांबले आणि बरोबर नंबरचे तीन प्लग मागवून घेतले. एकाच वेळी तिन्ही बदलले. बसवले मिस्त्रींनीच, माझा काही पाना हातात घेण्याचा हट्ट नव्हता आणि नाही. पण मी शेजारी उभी राहिले. इंजिन गार असतानाच प्लग काढायचे, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे गरम असताना खराब होऊ शकतात. नवा प्लग आधी हातानं फिरवत बसवायचा, पाना नंतर लावायचा. फार आवळायचा नाही. एकदा आटे गेले की दीडशे रुपयांच्या प्लगपायी हेडचं काम निघतं. आणि हातातून खाली पडलेला प्लग, वरून कितीही चांगला दिसला तरी, बसवू द्यायचा नाही. माझ्या डोळ्यांदेखत मिस्त्रींनी फिलर गेजनं फट तपासली. इरिडियमच्या बारीक टोकाशी मात्र असा खेळ करायचा नसतो, ते टोक मोडू शकतं. जुने प्लग मी मागून घेतले. ते अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत.

हे सगळं मंडळाच्या बैठकीत सांगितलं, तर आमच्यातल्या एक वहिनी फटकन म्हणाल्या, "बाई गं, आधीच काय कमी आहे? गॅसचा नंबर आपण लावायचा, दूधवाल्याचा हिशोब आपण ठेवायचा, सासूबाईंच्या गोळ्या आपण लक्षात ठेवायच्या. आता इंजिनातले प्लग पण आपल्याच गळ्यात?" सगळ्या हसल्या, पण मला त्याचं पटकन उत्तर सुचलं नाही. वहिनींचं चुकत नव्हतं. बाईनं आणखी एक गोष्ट शिकली की घरातलं आणखी एक काम तिच्या नावावर चढतं, हे आपण सगळ्यांनी भोगलंय. स्कूटी शिकलं की भाजी, बँक, क्लास सगळं आपल्याकडे येतं. (तिलाही एक प्लग असतो, बरं का!)

तरी माझं म्हणणं असं, की न शिकल्यानं ते ओझं कमी झालेलं नव्हतं. चार वर्षं प्लगचे पैसे मीच भरत होते, घाटात मीच अडकले आणि "काय केलंस" हेही मलाच ऐकावं लागलं. फक्त ठरवत दुसरंच कोणीतरी होतं. घरी मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, गाडी मी चालवते, गाडीचं मी बघेन. पण मग गॅसचा नंबर आणि आईंच्या गोळ्या तुमच्याकडे. पहिल्या महिन्यात सिलिंडर संपला आणि दुसरा आलेला नव्हता, दोन दिवस हॉटेलातली पोळी-भाजी आणली. मी काही बोलले नाही. आता वेळेवर लागतो नंबर.

मागे कुठेतरी बर्था बेंझ या जर्मन बाईबद्दल वाचलं होतं. तिच्या नवऱ्यानं, कार्ल बेंझनं, १८८६ मध्ये मोटारगाडीचं पेटंट घेतलं, पण गाडीवर लोकांचा विश्वास बसेना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मॅनहाइमहून फोर्झहाइमला, आपल्या माहेरी निघाली. शंभर किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची तार घासून उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा पट्टा गुंडाळला. मोटारीचा लांबचा पहिला प्रवास करणारी बाई माहेरी निघाली होती आणि ठिणगीची दुरुस्ती तिनंच केली. "घाटात बायकांचं होतं असं" म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला हे कोणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण मी परत तिकडे गेलेच नाही.

सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ लागतोय, सिग्नलला उभी असताना थरथरतेय, चढावर झटके देतेय, पेट्रोल जास्त खातेय, यातलं काहीही जाणवलं तर प्लग बघून घ्या. ते पिवळं चित्र लुकलुकत असेल तर गाडी तशीच रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो भाग खराब झाला तर खर्च प्लगच्या कितीतरी पट. सीएनजी गाडी असेल तर प्लगवर ताण जास्त पडतो, तेव्हा सीएनजीसाठी पुस्तकात वेगळं काही लिहिलंय का, तेही पाहा. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल आणि वर्ष सांगून नंबर लिहून घ्या. लिहूनच घ्या, तोंडी नको.

माझा नंबर मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, गॅस लावल्याच्या तारखेच्या खाली. प्लग घातले तेव्हाचे किलोमीटरही त्याच्याच शेजारी.

माघात त्याच आजींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. परतताना पुन्हा तोच घाट. पहिलं वळण आलं तशी आजींनी पुढच्या सीटचा कठडा घट्ट धरला आणि विचारलं, "बाई, आज उतराया लागंल का?"

मी तिसऱ्याचा दुसरा गिअर टाकला. "नाही आजी, बसा निवांत."

वरच्या टप्प्यावर पोचेपर्यंत त्या झोपल्या होत्या.